धक्क्यापासून पाकिटापर्यंत: छोट्या मासळी उद्योगाने माग कसा ठेवावा

कोकणात मासळीवर प्रक्रिया करणारे छोटे उद्योग आता गावोगाव दिसतात. कुणी सोडे आणि जवळा निवडून पाकिटबंद विकतं, कुणी कोळंबीचं लोणचं घालतं, कुणी बांगडा-सुरमईला मसाला लावून, गोठवून पुण्या-मुंबईच्या दुकानांना पुरवतं. बहुतेक ठिकाणी कामाचा भार बायकांवर असतो, आणि मासळी पारखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. डोळ्याची चमक, कल्ल्याचा रंग, बोटाने दाबल्यावर मांस वर येतं की नाही, एवढ्यावर त्या पाटीचा भाव ठरवतात. अडचण येते ती पुढे. दुकानदार विचारतो, "हे पाकीट कुठल्या दिवसाच्या मालाचं? बोट कुठली?" उत्तर कुणाच्या तरी डोक्यात असतं, कागदावर नसतं.

मासळीचा माग ठेवणं म्हणजे हे उत्तर कागदावर आणणं. त्याची मूळ अट साधी आहे. माल आपल्याकडे कुठून आला आणि आपल्याकडून कुठे गेला, हे दोन्ही सांगता आलं पाहिजे. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. साखळीतल्या प्रत्येकाने एवढंच केलं, तरी ताटातल्या तुकडीपासून बोटीपर्यंत पोचता येतं.

हे निर्यातदारांचं काम, आपल्याला काय करायचंय, असं अनेक महिला गट म्हणतात. मला हे पटत नाही. एखाद्या दिवशीच्या मालात दोष निघाला आणि तो माल बाकीच्यातून वेगळा ओळखता आला नाही, तर सगळाच परत घ्यावा लागतो. मोठी कंपनी तो घाव सोसते. महिन्याभराची कमाई फ्रीजरमध्ये ठेवून बसलेला दहा बायकांचा गट सोसू शकत नाही. म्हणून मागाची वही मोठ्यापेक्षा छोट्याला जास्त गरजेची आहे.

एकच माल धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ: मसाला लावून गोठवलेला बांगडा. बांगडा मुद्दाम निवडला आहे, कारण त्याच्यात एक धोका असा आहे जो नाकाला आणि डोळ्याला कळत नाही.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा लालसर-काळपट मांसाच्या माशांत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात भरपूर असतं. मासा मेला आणि गरम राहिला, की कल्ल्यांतले व आतड्यांतले काही जिवाणू या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा लालबुंद होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. लोकांना वाटतं, माशाची अॅलर्जी आली. प्रत्यक्षात ती विषबाधा असते. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, गोठवून किंवा डब्यात बंद करून जात नाही. मसाल्याने वास झाकला जाईल, हिस्टामिन तिथेच राहील. बर्फात नंतर ठेवलेला मासा पुढे हळू बिघडतो, पण आधी झालेलं नुकसान भरून निघत नाही.

मग हाती काय उरतं? वेळ आणि तापमान. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे हवा किंवा पाणी २८.३ अंश सेल्सिअसपेक्षा गरम असेल, तर मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे. त्याहून थंड असेल तर नऊ तासांच्या आत. आपल्या किनाऱ्यावर दुपारची हवा वर्षातले बहुतेक महिने २८ अंशांच्या वर असते, तेव्हा आपण सहा तासच धरावेत. युरोपीय संघाच्या नियमात एका लॉटचे, म्हणजे एका खेपेच्या मालाचे, ९ नमुने तपासतात. त्यांची सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत लागते, दोनच नमुने १०० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यान चालतात, आणि २०० च्या वर एकही चालत नाही. छोट्या उद्योगाला प्रत्येक लॉटचे नऊ नमुने प्रयोगशाळेत पाठवणं परवडणारं नाही. म्हणून त्याची खरी तपासणी प्रयोगशाळेत होत नाही, धक्क्यावर होते.

आता धक्क्यावर येऊ. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला लिलाव उभा असतो तेव्हा कुणाला फुरसत नसते. पाटी खाली येते, बोली लागते, पैसे ठरतात, माल टेम्पोत जातो. याच गडबडीत माग सुरू होतो किंवा कायमचा तुटतो. पाटी ताब्यात आली की पाच गोष्टी लिहायच्या: तारीख आणि वेळ, बोटीचं नाव व नोंदणी क्रमांक, कुठल्या जाळ्याची आणि साधारण कुठल्या भागातली मासळी, वजन, आणि माशाचं तापमान. बोटीचा क्रमांक नाळेवर ठळक रंगवलेला असतो, तो फोनमध्ये टिपून घेतला तरी चालतं. मासळी कधी पकडली हे बोटीच्या तांडेलाला विचारायला लाजू नये. तो अंदाजाने सांगेल, पण त्याला खोल समुद्रातली तीन दिवसांची फेरी आणि आज पहाटेचं जाळं यातला फरक नक्की ठाऊक असतो, आणि आपल्याला तेवढाच हवा असतो.

तापमान मोजण्यासाठी टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर लागतो. तो पाटीच्या वरच्या माशाला लावून उपयोग नाही. पाटीच्या मधले आणि तळाचे असे तीन-चार मासे घेऊन कल्ल्यामागच्या जाड मांसात टोचायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. बोटीवर बर्फ पुरेसा असेल आणि मासळी आदल्या दिवशीची असेल, तर ४ अंशांच्या आसपास आकडा यायला हवा. आदल्या दिवसाचा मासा १२-१५ अंश दाखवत असेल, तर तो कितीही ताजा दिसला तरी घेऊ नये. आज पहाटेचाच असेल, तर आकडा थोडा जास्त येणं स्वाभाविक आहे. तेव्हा घड्याळ बघायचं आणि सहा तासांतले किती उरलेत ते मोजायचं. थर्मामीटर खरा बोलतो का, हे आठवड्यातून एकदा पाहावं. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळायचं, सळई मध्ये धरायची. शून्य अंश दाखवलं पाहिजे. दोन अंशांचा फरक पडत असेल, तर आजवरच्या नोंदींतही तो फरक होता हे लक्षात घ्यावं.

आपल्या उष्ण हवेत मासळीच्या वजनाएवढा बर्फ धरावा, किलोला किलो. पेटीत खाली बर्फ, मग मासळी, मग बर्फ असे थर द्यायचे, आणि वितळलेलं पाणी खालून वाहून जाईल असं भोक ठेवायचं. पेटीत साचलेल्या त्या पाण्यात रक्त आणि जिवाणू दोन्ही असतात. बर्फाची लादी जमिनीवरून ओढत आणून फरशीवर फोडली, तर फरशीची घाण थेट माशावर जाते. बर्फही पिण्याच्या पाण्याचाच असावा, आणि कुठल्या कारखान्याचा घेतला हे वहीत यावं. बर्फाचा माग ठेवायचा असतो हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

यानंतर लॉट पाडायचा. सगळ्या कामाचा कणा हाच. लॉट म्हणजे एकाच परिस्थितीतून गेलेला माल. एक दिवस, एक बोट, एक खरेदी म्हणजे एक लॉट, हे सर्वांत चांगलं. पण गटातल्या बायका बऱ्याचदा पाच बोटींच्या पाच लहान पाट्या घेतात. त्या एकत्र केल्या, तर पाचही बोटी एका लॉटखाली लिहाव्या लागतात. हे नियमाविरुद्ध नाही, पण त्याची किंमत आधी समजून घ्यावी: एका पाटीत दोष निघाला, तर पाचही पाट्यांचा माल बाद. लॉटची सीमा जेवढी रुंद, तेवढं नुकसान रुंद. म्हणून शक्य तिथे पाट्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि वेगळ्या धुवाव्यात, कापाव्यात.

मानूया, ७ नोव्हेंबरला एका बोटीचा ४० किलो बांगडा घेतला. लॉटचा क्रमांक दिला "बां-०७११-अ". त्याच संध्याकाळी दुसऱ्या बोटीचा माल आला, तर तो "बां-०७११-आ". क्रमांक असाच सोपा ठेवावा; डोळ्यांनी वाचता येईल, तोंडाने फोनवर सांगता येईल असा. क्यूआर कोड नंतर आला तरी हरकत नाही. पेटीवर जलरोधक चिठ्ठी लावायची, आणि पेटीतला माल टपात गेला की चिठ्ठीही टपाबरोबर गेली पाहिजे. माग सर्वांत जास्त वेळा तुटतो तो इथे: माल पुढे जातो, चिठ्ठी रिकाम्या पेटीवर राहते.

साफ करून, डोकं-आतडी काढून ४० किलोचे समजा २६ किलो झाले. हे २६ किलो लिहायचे. पाव किलोची १०४ पाकिटं झाली, तर १०४ लिहायचे. खरेदीचं वजन, साफ केल्यावरचं वजन आणि पाकिटांची संख्या यांचा ताळा बसला, म्हणजे दुसरा माल आत शिरलेला नाही याचा पुरावा मिळाला. ४० किलोतून कुणी १४० पाकिटं दाखवली, तर काल उरलेला मासा आज मिसळला, हे न बोलता कळतं. आणि हीच सवय सर्वांत घातक आहे. कालचा उरलेला मसाला लावलेला मासा आजच्यात मिसळला, की आजच्या लॉटला कालचा सगळा धोका चिकटतो. उरलेला माल त्याच्या जुन्या क्रमांकानेच गोठवावा, नाहीतर टाकून द्यावा.

मसाल्याकडे अनेकांचं लक्ष जात नाही. तिखट, मिरी, धणे यांतून साल्मोनेला येऊ शकतो, त्यामुळे त्यांच्या पुड्यांवरचा बॅच क्रमांकही लॉटसमोर लिहायचा. कापण्याची जागा, सुऱ्या, फळ्या आधी साबणाने धुवून मग क्लोरीनच्या पाण्याने निर्जंतुक कराव्यात. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १० लिटर पाण्यात २० मिलिलिटर टाकलं, की दहा लाखांत १०० भागांचं द्रावण होतं. भांड्यांसाठी तेवढं पुरतं, नंतर स्वच्छ पाण्याने खंगाळायचं. धुतलेल्या माशाला आणि न धुतलेल्या माशाला सुरी, फळी, टप वेगळे ठेवावेत. मासा खोलीच्या हवेत उघडा पडून राहण्याचा वेळ कमीत कमी ठेवायचा, म्हणून २६ किलो एकदम बाहेर न काढता चार-पाच किलोंनी काढायचा. शेवटी गोठवण. पाकिटाच्या मधोमध उणे १८ अंश येईपर्यंत माल गोठला असं म्हणू नये. घरगुती फ्रीजरमध्ये एकदम पन्नास पाकिटं कोंबली, तर मधली पाकिटं कितीतरी तास थंडच होत नाहीत. थर पातळ ठेवावेत.

पाकिटावर काय छापायचं ते भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत स्पष्ट आहे. पदार्थाचं नाव, घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत, साठवणुकीची सूचना, तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण. अॅलर्जीची सूचनाही हवी: मासा, आणि कोळंबी-खेकडे असतील तर कवचधारी जलचर. कोळंबी काळी पडू नये म्हणून मेटाबायसल्फाइट वापरलं असेल आणि सल्फाइट किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल, तर तेही लिहावं लागतं. दम्याच्या रुग्णाला त्याने त्रास होऊ शकतो. आणि या सगळ्यात लॉट किंवा बॅच क्रमांक. आपल्या वहीतला "बां-०७११-अ" तोच पाकिटावर आला, की वही आणि पाकीट जोडले गेले.

विक्रीची बाजू तेवढीच नीट हवी. १०४ पैकी ६० पाकिटं पुण्याच्या दुकानाला, २४ रत्नागिरीतल्या दुकानाला, १८ घरपोच गिऱ्हाइकांना, आणि दोन आपल्याच फ्रीजरमध्ये नमुना म्हणून ठेवली, असं लिहायचं. बिलावर लॉट क्रमांक टाकायचा. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार विक्रेत्याला दिलेलं बिल हीच मालाच्या दर्जाची लेखी हमी मानली जाते. म्हणून बिलाशिवाय माल देणं-घेणं दोघांच्याही अंगाशी येतं.

आता समजा, १५ नोव्हेंबरला पुण्याच्या दुकानातून फोन आला: एका गिऱ्हाइकाचा चेहरा बांगडा खाऊन लाल झाला. पहिला प्रश्न, पाकिटावर क्रमांक कोणता? "बां-०७११-अ". वही उघडली, दहा मिनिटांत कळतं की हा लॉट तीन ठिकाणी गेला. दुकानदारांना फोन करून उरलेली पाकिटं बाजूला काढायला सांगायची, घरपोचच्या गिऱ्हाइकांना न खाण्याचा निरोप द्यायचा. त्याच दिवशीचा "आ" लॉट विकायला मोकळा राहतो. आपल्याकडचं नमुन्याचं पाकीट प्रयोगशाळेत जातं. मग मागे वळून पाहायचं: धक्क्यावर तापमान किती होतं, बर्फ कधी लागला, टेम्पो कुठे अडकला. अशा वेळी धक्क्यावरच्या त्या पाच नोंदी आरोपाला उत्तर देतात. त्या नसत्या, तर गिऱ्हाइकाच्या तक्रारीसमोर गटाकडे "आमचा माल चांगला असतो" एवढंच उरलं असतं.

वर्षातून दोनदा तरी ही फोनची रंगीत तालीम करावी. दुकानातून कुठलंही एक पाकीट उचलायचं आणि वहीवरून बोटीपर्यंत जायचं. मग एक बोट घ्यायची आणि तिचा माल कुठे कुठे गेला ते शोधायचं. अर्ध्या तासात दोन्ही दिशांनी पोचता आलं, तर वही चालू आहे.

कायद्याचं सांगायचं तर, घरातून चालणाऱ्या उद्योगालाही एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतोच. उलाढालीनुसार दोन्हींपैकी काय घ्यायचं ते ठरतं; मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना फॉस्कॉस पोर्टलवरच पाहावं. महाराष्ट्रात तपासणी अन्न व औषध प्रशासन करतं. पाण्याचा तपासणी अहवाल आणि कामगारांचं वैद्यकीय प्रमाणपत्र हाताशी असावं. सरकारने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत छोट्या उद्योगांनी सुरक्षा व गुणवत्तेची व्यवस्था उभारण्यासाठी प्रोत्साहनाची तरतूद आहे. मत्स्य खात्यात चौकशी करावी.

आपला माल निर्यातदाराकडे जात असेल, तर वही आणखी लांब जाते. युरोपीय संघात माल पाठवताना पकड प्रमाणपत्र लागतं. बेकायदा मासेमारीविरुद्धचा त्यांचा हा नियम १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, आणि भारतात हे प्रमाणपत्र सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणामार्फत (एमपीईडीए) होतं. त्यात बोट, जाळं, क्षेत्र, तारीख हेच मागतात. अमेरिकेत मासळीसह ठरावीक खाद्यपदार्थांसाठी लॉटनिहाय नोंदी ठेवण्याचा नियम आला आहे. त्याची अंमलबजावणी २० जुलै २०२८ पर्यंत पुढे गेली आहे. मागितल्यावर २४ तासांत नोंदी द्याव्या लागतील, अशी त्यात अट आहे. धक्क्यावर ज्याने लिहिलं नाही, त्याचा माल निर्यातदार घेणं टाळेल, किंवा पडत्या भावाने घेईल.

परदेशच कशाला, शेजारचं उदाहरण पुरे. जुलै २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मालिनच्या संशयावरून बाहेरच्या मासळीवर तात्पुरती बंदी आली, आणि त्याच वर्षी पुढे परराज्यातल्या मासळीच्या गाड्या इन्सुलेटेड असाव्यात, व्यापाऱ्यांची नोंदणी असावी, अशा अटी घातल्या गेल्या. सिंधुदुर्गातल्या छोट्या व्यापाऱ्यांना त्याचा फटका बसला. मासळी टिकवायला फॉर्मालिन वापरणं गुन्हाच आहे. पण बोंबलासारख्या काही माशांत फॉर्माल्डिहाइड नैसर्गिकरीत्याही तयार होतं, हे अशा गोंधळात लोकांना पटवून देणं फार जड जातं. आपला बोंबील कुठल्या बोटीचा, किती वाजता बर्फात गेला, हे दाखवता येणाऱ्याचं म्हणणं तपासनीसही ऐकतो.

सुक्या मासळीला हिशेब थोडा वेगळा. बोंबील वलांडीवर, जवळा व सोडे उंच मांडवावर जाळीने झाकून वाळवावेत. वाळूवर पसरलेल्या मालात वाळू आणि माश्या येतात. पाणी पुरेसं कमी झालं की जिवाणू वाढत नाहीत, पण पावसाळी हवेत पाकिटाने ओल धरली तर बुरशी येते. लॉट इथेही वाळवलेल्या दिवसाचा ठेवावा.

राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ताजा माल फारसा नसतो, हात थोडे मोकळे असतात. या दोन महिन्यांत पाण्याची तपासणी करून घ्या, थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरून पाहा, छापखान्यात लेबलवर लॉट क्रमांकासाठी जागा सोडायला सांगा, आणि गेल्या हंगामातलं एक जुनं पाकीट घेऊन बोटीपर्यंत जाऊन पाहा. जिथे अडकाल, तिथेच नव्या वहीत एक रकाना वाढवा. ऑगस्टमध्ये पहिला लिलाव लागेल तेव्हा पहिली ओळ त्याच धक्क्यावर लिहा, घरी आल्यावर नको.